ओळीमागे एक बाइट

आबिड्सच्या पोस्टामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खालचा झेरॉक्सवालाही दुकान सोडून आला होता. संगणकापुढे अप्पारावस्वामी डोळे मिटून बसले होते. कीबोर्डवर हळदकुंकू आणि लिंबू, पडद्यावर ओळीन् ओळ लाल.

"लिनक्सच्या घरातून विंडोजच्या घरात आणलंत, अम्मा. यंत्राची शांत केली का?" स्वामींनी शेजारी उभ्या भारतीला विचारलं. "नाही ना? मग कोणाची तरी सावली पडणारच."

गंडा बांधलेला पेनड्राइव्ह त्यांनी खोचला, काही पुटपुटले, एक कळ दाबली. लाल रंग गेला.

"हौ, गया," झेरॉक्सवाला म्हणाला. मालक मकरंदरावांनी हात जोडले. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, तिथे प्रोग्राम लिहिणाऱ्या भारतीनेही जोडले.

फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपायच्या आणि बदललेली ओळ लाल करून दाखवायची, ही मकरंदरावांच्या कंपनीची प्रणाली. लिनक्सच्या संगणकांवर ती वर्षानुवर्षं नीट चालली. विंडोजवर आणली आणि कोणी अक्षरही न बदललेली फाइल वरपासून खालपर्यंत बदललेली दिसू लागली. फरक दाखवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना हा फरक सापडेना. तेव्हा बेगम बाजारातल्या दुकानांचे संगणक 'शुद्ध' करणारे स्वामी आले.

शुद्धी गुरुवारपर्यंत टिकली. पुढच्या मंगळवारी स्वामींनी विचारलं, "पूर्वेच्या खोलीत सकाळी पहिलं पाऊल कोणाचं?"

मालनबाईंचं. त्या झाडायला यायच्या.

"उद्यापासून येऊ नका, बाई," मकरंदराव म्हणाले.

मालनबाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि भारतीकडे पाहिलं. "ताई, तुमी शिकलेल्या. तुमी तरी सांगा की."

भारती वहीत फाइलींचे आकार उतरवत होती. विधीआधीचा, विधीनंतरचा, तिची जुनी सवय. तिने मान वर केली नाही.

मालनबाई गेल्या, विधी झाला, पण गुरुवारी लाल रंग परत आला. त्या दिवशी भारतीने वही उघडली. आधी १२,४८० बाइट, नंतर १२,०६८. घट ४१२. तिने फाइलच्या ओळी मोजल्या. ४१२. मंत्राने ओळीमागे नेमका एक बाइट घटत होता. आकडे पहिल्या मंगळवारपासून तिच्याच अक्षरात तिच्यासमोर होते.

तिसऱ्या मंगळवारी ती म्हणाली, "स्वामी, आज पेनड्राइव्ह नको. नुसता मंत्र म्हणा."

"मंत्राला देह लागतो, अम्मा."

"देह मी लिहून आणलाय. चार ओळींचा प्रोग्राम." तिने कळ दाबली. मंत्राविना लाल रंग गेला.

मग तिने फाइल कच्च्या आकड्यांत उघडून दाखवली. "ओळ संपली की संगणक न दिसणारी खूण ठेवतो. लिनक्स एक ठेवतो, विंडोज दोन. आपली प्रणाली दोन्ही फाइली बाइट न् बाइट ताडते, म्हणून तिला प्रत्येक ओळ बदललेली वाटते. पेनड्राइव्हमधला प्रोग्राम ती जास्तीची खूण पुसतो. आपला रोहन दर गुरुवारी विंडोजवर फाइल पुन्हा जतन करतो आणि खूण परत येते."

"म्हणजे सावली माझी होती," मागे उभा असलेला रोहन म्हणाला.

"श्रद्धा नाही तिथे विद्या थांबत नाही," म्हणत स्वामींनी लिंबू उचललं आणि जिना उतरले. प्रणालीने साठवताना एकच खूण ठेवायची, एवढी दुरुस्ती होती. अर्ध्या दिवसात झाली.

"मालनबाईंना फोन करून बोलवा," मकरंदराव म्हणाले.

"फोन नाही. सगळ्यांदेखत त्यांना काढलं, मी जाते," भारती म्हणाली.

सिकंदराबादच्या रेल्वे लाइनीमागे मालनबाईंची खोली होती. भारतीने सगळं सांगितलं, आकड्यांसकट. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "खरं काय ते माहीत नव्हतं. पण तुमचा दोष नाही, एवढं तरी माहीत होतं."

मालनबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"मला तुमचं मशीन कळत नाही, ताई. पन वास येतोय आन् घाण दिसंना, तर मी शेजारनीचं नाव घेत नाही. खाट सरकवून बघते."

भारतीने पेला उचलला. जे दिसत नाही त्याला सावली म्हणण्याआधी खाट सरकवून बघावी, हे सांगायला एम.एस्सी. लागत नाही. तिला मात्र ते एम.एस्सी.नंतर शिकावं लागलं होतं.

"उद्या येता?" तिने विचारलं.

"बघते," मालनबाई म्हणाल्या.