पाणी सोडा म्हटलं तर

माणसाने सोसावं तरी किती? मावशीने सकाळी खिडकी उघडली, तर ताटलीत पाण्याचं तळं, आणि त्यात तिने जिवापाड जपलेली जाडजूड पानं तरंगताहेत.

"अहो! आधी इकडे या!"

नवरा आला तो झारी घेऊनच. टाकीवरच्या चाव्या फिरवून वस्त्यांना पाणी सोडायचं, ही त्यांची जन्माची नोकरी. निवृत्त झाले, पण हाताची सवय काही सुटेना. गल्लीत सगळे त्यांना पाणीवालेच म्हणत.

"सुकत होती गं बिचारी."

"सुकवायलाच ठेवली होती! तुटलेली जागा वाळल्याशिवाय पाणी लागलं की कुजतात, कितीदा सांगितलं? पालथ्या घड्यावर पाणी!"

झाड मावशीच्या ताईचं. उन्हाला भीत नाही, थंडीला जुमानत नाही, वावडं फक्त पाण्याचं. ताई गेली आणि कुंडी इथे आली. आता भाचीने नवं घर घेतलं होतं. फोनवर म्हणाली, "मावशी, आईच्या झाडाचं एक पिल्लू दे. दुसरं काही नको मला." आणि इकडे पाणीवाल्यांच्या कृपेने झाड बुडाशी लिबलिबीत झालेलं. नवं रोप फुटवायला ही धड पानं तेवढी उरली होती, तीही गेली.

"जाऊ दे! सोडा आता पाणी त्या झाडावर!" मावशी कडाडली आणि कुंडी मागच्या पत्र्याखाली ढकलून आली.

मग तिने जीभ चावली. पाणी सोडा, आणि तेही या माणसाला? पण आता वाचवायला उरलं होतंच काय! पुढे कितीतरी आठवडे ती तिकडे फिरकलीच नाही. नवरा मात्र रोज सकाळी मागच्या दारी जाई. घाला, घाला पाणी, ती मनात म्हणे.

भाची आली त्या दिवशी मावशीचं तोंड एवढंसं झालं. पोरीला सांगायचं तरी काय?

"सोडलंत ना पाणी?" स्वयंपाकघरात तिने नवऱ्याला दबक्या आवाजात झापलं.

"सोडलं. तू म्हणालीस तसंच. आशाच सोडली. थेंबसुद्धा घातला नाही."

ती मागच्या दारी धावली. माती खडखडीत वाळलेली, मधलं झाड काळं पडलेलं, आणि कडेला टवटवीत, गुबगुबीत एक पिल्लू.

"मग रोज काय करत होतात इथे?" तिने मागोमाग आलेल्या नवऱ्याला विचारलं.

"बसत होतो." ते कुंडीकडेच बघत राहिले. "दवाखान्यात ताई पाणी मागायची. डॉक्टरांनी बंद केलं होतं, म्हणून मी देत नव्हतो. 'भावजी, एक घोट,' म्हणायची. तेव्हापासून हे झाड कोरडं दिसलं की मला राहवत नाही गं."

एवढे दिवस या माणसाला नाही नाही ते बोलले मी! मावशीने डोळे पुसले, पिल्लू अलगद सोडवलं आणि कागदात गुंडाळून भाचीच्या हातात दिलं.

"याला पाणी कधी घालायचं गं, मावशी?"

उत्तर मावशीच्या जिभेवरच होतं. तिने ते गिळलं.

"काकांना विचार," ती म्हणाली.