मंत्रीबाईंचं बटण

“टॉर्स्टेन, हात काढ त्या बटणावरून! उपग्रह डोक्यावर आलाय!”

“जरा दम धर ना, गुनवोर. मंत्रीबाई दाबणार आहेत.”

“कुठायत तुझ्या मंत्रीबाई?”

“बाहेर. रेनडियरबरोबर फोटो काढताहेत.”

गुनवोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वीडनच्या उत्तरेला, जंगलातल्या या अँटेनापाशी तिची उभी हयात गेली होती. सध्या उपग्रहावरची दुर्बीण एका धूमकेतूकडे रोखलेली होती. सूर्याच्या तापानं धूमकेतूतल्या बर्फाची वाफ होऊन किती पाणी अवकाशात उडतंय, ते ती दुर्बीण रोज मोजायची. उपग्रह डोक्यावर आला की हे बटण दाबून ते मोजमाप खाली उतरवून घेणं गुनवोरचं काम. कालच हा धूमकेतू सूर्याच्या सगळ्यात जवळ होता, आणि आता हजारो वर्षं तो इकडे फिरकणार नव्हता. पण उपग्रहाची स्मृती इवलीशी. या फेरीत कालचं उतरवलं नाही, तर त्यावर आजचं चढणार आणि कालचं कायमचं पुसलं जाणार.

“अरे, पुसलं जाईल रे ते!”

“आणि बाई रुसल्या तर केंद्रच बंद पडेल, त्याचं काय? केंद्रप्रमुख मी आहे का तू?”

तिनं त्याचं मनगट धरून ओढलं. गडी जागचा हलला नाही. पडद्यावरचा संकेत क्षीण होत गेला. उपग्रह क्षितिजाखाली उतरला. गुनवोर मटकन खुर्चीत बसली.

मग बाई आल्या, थंडीनं गाल लाल, खुशीत. कॉफी झाली, दालचिनीचे बन झाले. त्यांनी ऐटीत बटण दाबलं. टॉर्स्टेननं हळूच परवाचा आलेख पडद्यावर आणला. टाळ्याच टाळ्या!

“अगंबाई! एका दिवसात एवढं पाणी?” बाईंनी गुनवोरला विचारलं.

“हे परवाचं. कालचं गेलं. तुम्ही फोटो काढत होतात ना, तेव्हा.”

बाईंनी कप खाली ठेवला.

पाहुणे गेल्यावर टॉर्स्टेन तिच्यावर उखडला. “चारचौघांत शोभा केलीस माझी! आता आलेखात तरी परवापासून आजपर्यंत सरळ रेघ ओढून टाक. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय ना!”

“हट्टी बाई आहेस!” असं म्हणत तो दार आपटून गेला.

गुनवोरनं परवाचा ठिपका दिला. पुढच्या फेरीत आजचं उतरल्यावर आजचाही दिला. मधली जागा तिनं कोरी सोडली.