निंबोल्याचा वांगं आयोग

साल पंचावन्नचं. बऱ्हाणपुरात इंग्रजी येणारे पाच-पन्नास लोक असताना नशीब फुटलं ते माझं. मी शाळामास्तर; शाळेतून उचलून मला निंबोल्याला दोन अमेरिकन साहेबांचा दुभाषा म्हणून पाठवलं.

हँक टेक्सासचा, त्याच्याकडे बोअरिंगचं मशीन. क्लाइड कॅरोलायनाचा, पाणी कुठे लागेल ती जागा तो दाखवणार. मशीन शनिवारपर्यंत इथे, मग शेजारच्या धूलकोट गावाला. गावच्या विहिरीत नुसता गाळ उरला होता. गावातली मालूबाई रोज कोसभर लांबच्या नाल्यावरून डोक्यावर पाणी आणायची. चाळिशीही गाठली नव्हती, पण मान कायमची आखडली होती.

दुसऱ्याच दिवशी साहेबांचं जेवणावरून बिनसलं. मांस धुरावर तासन्‌तास भाजतात त्याला ते बार्बेक्यू म्हणतात. हँकचं म्हणणं, गाईचं मांस, मीठ-मिरी, बस. वर रस्सा ओततो तो माणूसच नव्हे. क्लाइडचं म्हणणं, अख्खं डुक्कर आणि त्यावर शिरका, म्हणजे आंबट व्हिनेगर; बाकी सगळं जनावरांचं खाणं. दोघांनी बोलणं टाकलं. क्लाइड जागेवर खूण करेना, हँक मशीन लावेना.

"काहून भांडू राह्यले?" कौतिक पाटलांनी मला विचारलं. भोवती सगळं गाव. आता ही दोन जनावरं भाजण्याची गोष्ट मी निंबोल्याच्या पारावर काढणार होतो थोडाच? मला बायकापोरं होती.

"वांग्यावरून," मी म्हणालो. "कसं भाजायचं म्हणून."

गावाला ते चटकन पटलं. अमेरिकेबद्दलचा आदरच वाढला.

तेव्हा प्रांतांच्या हद्दी ठरवायला सरकारी आयोग फिरत होता. जो तो अर्ज लिहीत होता. पाटलांनीही पारावर सतरंजी टाकून वांगं आयोग बसवला आणि साक्षी सुरू झाल्या. हँकने टेक्सासची बाजू मांडली. कॅन्ससवाले काकवीसारखं गोड काहीतरी चोपडतात, मेम्फिसवाले कोरडा मसाला चोळतात, हेही नोंदवलं गेलं. क्लाइडने तर रडवेला होऊन सांगितलं की त्याच्याच प्रांतात पूर्वेला शिरका आणि पश्चिमेला टोमॅटो.

"म्हंजे आपलं निंबोला अन् धूलकोट," पाटील कळवळून म्हणाले. त्यांच्या मते धूलकोटवाले वांग्याच्या भरतात टोमॅटो घालत.

मी मांस ऐकायचो, वांगं सांगायचो. चार दिवस हे चाललं.

शुक्रवारी मालूबाईने रिकामा हंडा सतरंजीवर आदळला. "चुलीत गेला तुमचा आयोग! मास्तर, दोघाह्यले माह्या घरी जेवाले आना."

तिने कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून वांगी भाजली. हिरव्या मिरच्या एका मुठीऐवजी तीन मुठी ठेचल्या. धुराचा वास आला तसे दोघांचेही चेहरे उजळले. पहिला घास झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला हँकचे कान लाल झाले आणि त्याने क्लाइडची बाही धरली.

"वॉटर!" दोघं एकदम ओरडले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

मालूबाईने रिकामा हंडा त्यांच्यापुढे उपडा केला. "त्याह्यले सांगा, पानी जमिनीत हाय."

मी सांगितलं. दुसरा, भरलेला हंडा गोठ्यात गोणपाटाखाली होता. तो मी पाहिला होता आणि गप्प बसलो होतो. नाक-डोळे गाळत क्लाइड धावला आणि त्याने टाचेने खूण केली. हँकने मशीन जोडलं. ते घरघरू लागलं तेव्हा मालूबाई तो हंडा आणि तांब्या घेऊन आली. दोघं घटाघटा प्यायले.

"पाणी होतं तर आधी का नाही दिलं?" हँकने विचारलं.

मालूबाई मान चोळत म्हणाली, "हे माह्या डोक्यावरून आलं. तुमचं कधी येईन?"

हे मी शब्दाला शब्द सांगितलं. हँकने तिच्या मानेकडे पाहिलं. मग थेंबही वाया जाऊ नये म्हणून त्याने तांब्यातलं उरलेलं पाणी अगदी जपून परत हंड्यात ओतलं.

"उष्टं केलं रे मुडद्या! सगळा हंडा उष्टा केला!" मालूबाई किंचाळली.

"काय म्हणते?" हँकने घाबरून विचारलं.

"लवकर करा म्हणते," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी पाणी लागलं.