मिराबाईच्या बोटाकडे निघालेली चेतापेशी

मित्रांनो, आत्मवृत्त सांगायला म्हातारं व्हावं लागतं म्हणे. मला तेवढा दम कुठला! मी एक चेतापेशी आहे, वसमतजवळच्या मिराबाईच्या उजव्या हातातली. माझं घर तिच्या मणक्याशेजारी आणि तिथून निघालेला माझा लांब तंतू थेट तर्जनीच्या शेंड्यापर्यंत. शिजलेली हळद बोटाने दाबून "झाली, उतरवा" म्हणावं तर मिराबाईनेच. कौतुक तिचं व्हायचं, पण खबर माझी असायची बरं का!

गेल्या हिवाळ्यात चारा कापताना विळा निसटला आणि मनगटापाशी मी तुटले. डॉक्टरांनी मज्जातंतू शिवला, पण माझा पुढचा तुकडा मेला आणि अंगठ्यासकट बोटं बधिर झाली. आता मनगटापासून पुन्हा वाढत जायचं होतं. वाढ तरी किती? दिवसाला ज्वारीच्या दाण्याएवढीसुद्धा नाही. जीव नुसता वरखाली व्हायचा.

त्यात पांढऱ्या पेशींची गस्त! वाईट नाहीत हो त्या. माझा मेलेला तुकडा त्यांनीच खाऊन वाट मोकळी केली. पण ज्यांचं तोंड सदा चालू, त्यांच्यामधून जायचं म्हणजे धाकधूक असतेच. म्हणून आम्ही वाढत्या पेशी अंगावर एका प्रकारच्या साखरेचा पातळ थर बाळगतो. गस्तवाली जवळ येते, तो थर चाचपते, आपलंच माणूस म्हणून शांत होते आणि पुढे जाते. दरवेळी मला वाटायचं, हिने नाही ओळखलं तर?

हळद शिजवायचे दिवस आले. सवयीने मिराबाईने कढईतलं हळकुंड उचलून दाबलं. बोटं भाजली आणि तिला पत्ताच नाही! फोड फुटले, पू झाला, तळहात सुजला. पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडल्या. अशा वेळी सुक्याबरोबर ओलंही जळतं. माझी चिमूटभर साखर तिथे किती पुरणार? मी पार घाबरून गेले.

तिचा नवरा किसनराव म्हणाला, "दुखून न्हाई राहिलं ना? मंग कढई होऊ दे, उद्या जाऊ."

लेक पुजा कडाडली, "बाबा, दुखत न्हाई हीच तर तकलीफ हाय! हात जाईल तिचा. आत्ता चला!"

औषधं सुरू झाली, सूज उतरली. मी पुन्हा पुढे सरकू लागले. मित्रांनो, कुणाचा हात बधिर असेल तर विस्तवापाशी त्याच्यासाठी तुम्ही लक्ष ठेवा. आम्ही निघालेल्या असतो, पण आम्हाला वेळ लागतो.

पोळा होऊन गेला. मिराबाई कुंपणासाठी बाभळीची फांदी ओढत होती. तर्जनीत काटा घुसला.

"आगं आई गं!" ती ओरडली आणि बांधावर बसून रडायलाच लागली. पुजा धावत आली.

"लई लागलं का माय?"

"व्हय! लागलं! पुजे, अजून एकदा टोच बरं."

पुजा कसली टोचते! तिने आईचं बोट मुठीत घट्ट धरलं. मिराबाई म्हणाली, "हात गरम हाय गं तुझा."