दुर्बिणीतली वाकडी रेघ

आमची ही कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात आणि ही घरामागच्या खोलीत बसून त्यांना दात देते. मी पुस्तकं बांधतो. बारीक कामाची सवय दोघांनाही, पण तिला एक वेड जास्तीचं आहे, नेमबाजीचं. गेली बावीस वर्षं दर शनिवारी क्लबात जमिनीवर पालथी पडून ती पॉइंट टू-टूची रायफल चालवते. पन्नास मीटरवर कागद आणि कागदावर सुपारीएवढा काळा ठिपका. त्या ठिपक्यात ती एकात एक गोळ्या घालायची. मी बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचो.

सहा-सात महिन्यांपूर्वी तिचा नेम बिघडला. गोळ्या कधी वर, कधी डावीकडे. घरी आली की चपला काढताकाढताच सुरू व्हायची, "गोळ्याच भिकार आल्यात या वेळी." पुढच्या शनिवारी दोष रायफलीवरच्या दुर्बिणीचा. मी मनात म्हणायचो, बाई, पंचावन्न पूर्ण झाली. एकदा तोंडावरही बोललो, "आता कवळ्यांचंच बघ." तेव्हा दोन दिवस अबोला सोसला.

शेवटी एका सकाळी मला बरोबर घेऊन ती काडतूसकाकांच्या दुकानात गेली. क्लबातले सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात. वय सत्तरीपुढचं, बोलणं कमी. दुकानामागे पन्नास मीटर लांबीचा बोगदा आहे, तिथे माल तपासून घेता येतो.

"आधी गोळ्या बघू," काका म्हणाले. "बंदुकीच्या नळीला कोणतं खाणं पचतं ते नळीलाच विचारायचं."

त्यांनी रायफल लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळली, म्हणजे माणसाच्या हाताचा प्रश्नच नको. चार खोकी मांडली. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या खोक्यांतल्या गोळ्याही घाण्याघाण्याला वेगळ्या निघतात, म्हणून खोक्यावरचा आकडा बघून घ्यायच्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक खोक्यातल्या पाच पाच त्यांनी झाडल्या. सगळ्यांत महागाच्या गोळ्या कागदभर पांगल्या. दुसऱ्या खोक्यातल्या पाचही अशा बसल्या की शर्टाच्या एका बटणाखाली झाकल्या गेल्या असत्या.

"घे, नळीने लग्न ठरवलं," काका म्हणाले.

ही खुलली. शिकंजा सोडवून, चटईवर पालथी पडून तिने त्याच खोक्यातल्या पाच गोळ्या स्वतः झाडल्या. कागद जवळ ओढून घेतला. पाच भोकं पाच दिशांना.

"बघा! दुर्बीणच गेलीय," ती म्हणाली, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

काकांनी काउंटरवर फडकं पसरून तीन नव्या दुर्बिणी ठेवल्या. "बहुतेक दुर्बिणी शंभर मीटरला जुळवलेल्या असतात. पन्नासवर डोकं जरा हललं की आतली नेमाची रेघ निशाणावरून सरकते. या तिन्हींना पुढे कडी आहे. फिरवून अंतर जुळवायचं. मोठं किती दिसतं याच्या नादी लागू नकोस, रेघ बारीक आणि साफ हवी."

तिने पहिली उचलली आणि बोगद्याच्या टोकाच्या कागदावर रोखली. लगेच खाली ठेवली.

"काका, हिची उभी रेघ वाकडी आहे. मधोमध पोक आलंय."

काका ओशाळले. नव्या मालात असं कधी होत नाही म्हणाले आणि दुसरी पुढे केली. हिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हीसुद्धा."

तिसरी सगळ्यांत भारी. ती डोळ्याला लावल्यावर हिचा आवाज चढला. "मधे डाग पण आहे हिच्यात, अंगठा लागल्यासारखा! काय माल ठेवता तुम्ही?"

काकांनी दुर्बीण घेतली. पाहिली. मग पहिली पाहिली, मग दुसरी. तिन्ही हळूच फडक्यावर ठेवल्या.

"पोरी, रेघा सरळ आहेत."

"मला वेड्यात काढताय? अहो, तुम्ही बघा हो!"

मी बावीस वर्षांत कधी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. लावला. आत केसाएवढी काळी रेघ होती, वरपासून खालपर्यंत, माझ्या पट्टीने आखल्यासारखी. खोटं बोलावं असं फार वाटलं. हो, वाकडी आहे, चल घरी जाऊ, एवढं म्हणायचं होतं.

"अहो, बोला ना."

"सरळ आहे गं."

काका सावकाश म्हणाले, "डावा डोळा लाव बरं."

तिने डावा लावला. मग तिने दुर्बीण खाली केली, डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्याने समोरच्या दाराच्या चौकटीकडे पाहिलं.

"चौकट वाकलीय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमचं नाक कुठंय?"

ती स्टुलावर बसली तीही अंदाजाने, मागे हाताने चाचपत. आपण रोज जिच्यासमोर जेवतो त्या बाईचा एक डोळा तीन महिने असा बघतोय आणि आपण तिची वयावरून चेष्टा करतोय, हे डोक्यात शिरेना. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो, म्हणून तिलाही कळलं नव्हतं. नेम मात्र एकट्या उजव्याने धरायचा असतो.

"सोमवारी दाखवते," ती म्हणाली.

"सोमवारी नाही," काकांनी दुकानाच्या किल्ल्या उचलल्या. "आत्ता."

डोळ्यांच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला आडव्या-उभ्या रेघांच्या चौकटींचा कागद दाखवला आणि म्हटलं, जिथे रेघा वाकतात तिथे पेन्सिल फिरवा. हिने फिरवली. कागदाच्या मध्यावर बटाट्याएवढा वेडावाकडा गोल झाला. डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली नको त्या बारीक रक्तवाहिन्या उगवल्या होत्या आणि त्यांतून पाणी झिरपत होतं. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागणार होती.

"डोळ्यात?" मीच ओरडलो.

"गेलंय ते सगळं परत येईल असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उरलेलं वाचवू. अजून दोन-तीन महिने थांबला असतात तर हेही बोलले नसते."

घरी परतताना अर्धा रस्ता झाला. मग एकदम म्हणाली, "गेल्या महिन्यात तीन कवळ्या परत आल्या. मी दातांच्या डॉक्टरांना झाडलं, तुमचे साचेच वाकडे म्हणून." आणि तोंडावर हात ठेवून हुंदके देऊ लागली. मी तिचा दुसरा हात धरला.

तीन महिन्यांत तीन इंजेक्शनं झाली. पाणी थांबलं. रेघ पुष्कळशी सरळ झाली, डाग मात्र राहिला. कवळ्या ती आता मोठ्या भिंगाखाली करते आणि प्रत्येक जोडी मला तपासायला लावते.

मग ती काकांकडे गेली, मीही गेलो. तिने डाव्या डोळ्याने पुन्हा तिन्ही दुर्बिणी पाहून मधली निवडली. काकांनी रायफलीला डाव्या खांद्यावर टेकवायचा दस्ता बसवून दिला. उलट्या बाजूने पडलेली ती इतकी अवघडलेली दिसत होती की मला बघवेना. पाच गोळ्या झाडल्या. भोकं तळहाताएवढ्या जागेत विखुरली, एक तर कागदाच्या कडेला.

"डावा गाल दस्त्यावर बसायला दोन महिने लागतील," काका म्हणाले.

"चार लागू देत," ही म्हणाली आणि तिने पुढची गोळी भरली.