फाटकावरची पाटी कोरी राहिल्याचा एक दिवस

मी पाटी आहे, मित्रांनो. तशी फार जुनी नाही; सातच वर्षांची. पण रोज उलटंसुलटं व्हायचं नशिबी असलं की कुणीही लवकर म्हातारं दिसतं.

वारंगा फाट्यावर ट्रकची बॉडी बांधणारे भागवत मिस्त्री आहेत. एका ट्रकच्या मागच्या फाळक्याची उरलेली फळी म्हणजे मी. पेंटरही ट्रकचाच होता, म्हणून माझ्या कोपऱ्यात त्याने सवयीने एक कमळ काढून दिलं. मग मी एका द्विभाषिक इंटरनॅशनल शाळेच्या फाटकावर आले. शाळा नावाने इंटरनॅशनल, आणि कुंपणाला लागून हळदीचं रान. माझी एक बाजू 'आज मराठी', दुसरी 'टुडे इंग्लिश'. जी बाजू दिसेल ती भाषा त्या दिवशी सगळ्यांनी बोलायची. प्रार्थनेआधी मी फाटकावर दिसलेच पाहिजे, हा मोठ्या मॅडमचा नियम होता.

मला रोज लटकवायचे ते धनसिंगकाका, फाटकावरचे शिपाई. ते जवळच्या तांड्यातले. आधी गमछ्याने माझं तोंड पुसायचे, मगच खिळ्याला अडकवायचे. ते उपकार मी विसरणार नाही. पुढे वर्गांत चमकणारे स्मार्टबोर्ड आले, पाहुणे त्यांचेच फोटो काढू लागले, आणि माझा रंग उडाला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त काकांचा गमछा चुकला नाही.

यंदा जूनमध्ये काकांच्याच तांड्यातली मिना तिसरीत आली. ती बोलेचना. मराठीच्या दिवशी गप्प, इंग्रजीच्या दिवशी गप्प. दिवाळीपर्यंत बोलली नाही तर तिला पहिलीत बसवू, असं शाळेने कळवलं. तिचे वडील प्रेमदास फाटकाशी येऊन तिच्या वर्गाच्या साधना मॅडमना म्हणाले, "लेकराला तकलीफ काहून द्यायची, मॅडम? दिवाळीच्या आधी शनिवारी येतो अन् नेतो तिला घरी." मिना तिथेच उभी होती. तिला शाळा आवडायची, हे मला ठाऊक होतं. सकाळी बसमधून सगळ्यांत आधी तीच उतरायची. पण सांगणार कोण?

त्याच आठवड्यात मला रंगवायचं ठरलं. काकांनी संध्याकाळी दोन्ही बाजू घासून स्वच्छ केल्या. पेंटर सकाळी येणार होता, तो आलाच नाही. प्रार्थनेची घंटा झाली. नियम म्हणजे नियम. काकांनी मला कोरीच लटकवली. लाज वाटली हो मला.

"काका, आज कोणती भाषा?" मिनाच्या वर्गातल्या रुद्रने विचारलं.

"आज कोणतीच न्हाई बाबा. पेंटर अजून येऊनच राहिला."

साधना मॅडम हसल्या. "मग ज्याला जी येते, ती बोला."

मुलांना गंमतच वाटली. कुणी हिंदीत बोललं, कुणी आजोळच्या वऱ्हाडीत. आणि मग मिना प्रार्थनेच्या माइकपाशी गेली. "मार नाम मिना छ," ती तांड्याच्या भाषेत म्हणाली. पुढे जी सुटली ती थांबेचना. घरची शेळी व्याली होती, तीन पिल्लं झाली होती, तिसरं अशक्त होतं म्हणून तिने त्याला बोटाने दूध पाजलं होतं. धनसिंगकाका फाटक सोडून पुढे आले आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. सात वर्षं फाटकाच्या आत त्यांनीही आपली भाषा कधी बोलली नव्हती. आणि ती बंदी माझ्यामुळे होती, मित्रांनो. हे मला त्या दिवशी कळलं.

मधल्या सुट्टीत पोरं मिनाभोवती जमली. पिल्लाचं पुढे काय झालं, हे सगळ्यांना हवं होतं.

शनिवारी प्रेमदास मोकळी पिशवी घेऊन आले. पुस्तकं भरून न्यायला. रुद्र आणि चारपाच जण त्यांच्यापुढे गेले आणि तांड्याच्या भाषेत विचारते झाले, "तमार नाम काई छ?"

प्रेमदास थबकले. त्यांनी नाव सांगितलं. मग धनसिंगकाकांकडे वळून त्यांच्याच भाषेत बोलले. मला आता थोडं समजतं, म्हणून मराठीत सांगते.

"ह्यांना कुणी शिकवलं?"

"तुझ्या पोरीनं."

प्रेमदासांनी पिशवीची घडी करून ती काखेत धरली आणि विचारलं, "आज शाळा किती वाजता सुटते?"

मिना शाळेत राहिली, आणि तिसरीतच. आता मराठीच्या दिवशी मराठीत चुकते, इंग्रजीच्या दिवशी इंग्रजीत चुकते, पण बोलते. पेंटर आला आणि मी पुन्हा दोन तोंडांची झाले. मला त्याचं दुःख नाही. धनसिंगकाकांचं, साधना मॅडमचं आणि न आलेल्या त्या पेंटरचंही माझ्यावर ऋण आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या पाट्या पुसत जा, पावसात बाहेर ठेवू नका. आणि तुमच्या वर्गात एखादं नवं लेकरू गप्प बसलं, तर ते काहून बोलत नाही असं विचारू नका. त्याच्या घरी कसं बोलतात, ते त्यालाच विचारा आणि दोन शब्द शिकून घ्या.