माझ्या वाट्याची रिकामी ओळ

मी ‘घट्ट’ बोलतोय. मला हात नाहीत, पाय नाहीत, मी एका प्रोग्राममधला शब्द आहे. आमच्यासारख्यांना मॅक्रो म्हणतात.

माणूस जे लिहितो ते यंत्राला कळत नाही. म्हणून मध्ये कंपायलर नावाचा प्रोग्राम बसतो आणि भाषांतर करून देतो. कंपायलर अनेक, आणि प्रत्येकाचे नखरे वेगळे. एकाच कामासाठी एकाला एक शब्द लागतो, दुसऱ्याला दुसरा. लिहिणारा अशा ठिकाणी माझं नाव लिहून मोकळा होतो. समोर कुठला कंपायलर आहे ते पाहून त्याला कळणारा शब्द माझ्या जागी बसतो.

माझा अर्थ एवढाच, की ही माहिती एकमेकांना खेटून ठेव, मध्ये फट सोडू नकोस. कंपायलरना मध्येच एखादं घर रिकामं सोडायची सवय असते, यंत्राला ते सोयीचं पडतं. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण एक यंत्र दुसऱ्याला निरोप पाठवत असेल, तर एका रिकाम्या घराने पुढचे आकडे सरकतात आणि निरोप भलताच होतो.

मला बकुळाने १९९७ साली प्रभादेवीच्या एका गाळ्यात लिहिलं. ती लालबागच्या चाळीतली. तिचे वडील दौलतराव एका गिरणीत साळखात्यात साचे चालवायचे, साचे म्हणजे माग. ती सातवीत असताना संप झाला, आणि गिरणीचा भोंगा नंतर कधी वाजलाच नाही. दौलतरावांनी पुढे एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली आणि मुलीला शिकवलं. बकुळा काम छापून घरी न्यायची, त्यामुळे मीही कागदावर बसून त्या खोलीत जायचो. म्हातारा कागद उलटसुलट करून बघायचा आणि म्हणायचा, “एवढ्या ओळीत एक अक्षर मराठी नाय?” म्हणून तिने माझं नाव मराठी ठेवलं. रोमन लिपीत, पण मराठी.

तिची कंपनी सहा माणसांची. ते मासेमारीच्या बोटींसाठी एक डबा बनवत होते. संकटात लाल बटण दाबायचं, की बोटीचा नंबर आणि ती समुद्रात कुठे आहे ते वायरलेसवरून वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीत पोचायचं आणि तिथल्या पडद्यावर ठिपका उमटायचा. डब्याच्या पोटातला मूळ प्रोग्राम, ज्याला कर्नेल म्हणतात, तो बकुळाचा. त्यात मी सात ठिकाणी होतो.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी जुना कंपायलर ज्या कॉम्प्युटरवर होता तोच बंद पडला. साहेबांनी नवा कंपायलर आणला. नारळी पौर्णिमेला सहा दिवस राहिले होते, आणि नारळ वाहिला की बोटी थांबत नाहीत.

नव्या कंपायलरला माझा जुना शब्द कळेना. पडदाभर चुका आल्या. साहेब दर तासाला येऊन विचारायचे, “झालं का गं?” बकुळाने माझ्या व्याख्येत एक ओळ वाढवली: कंपायलर नवा असेल तर ‘घट्ट’च्या जागी काहीच बसवू नकोस. सगळ्या चुका एका झटक्यात गेल्या. “नंतर भरते,” ती स्वतःशीच म्हणाली. मी तिला दोष देत नाही. चुका दिसेनाशा झाल्या की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं, हे मी पुढेही पुष्कळदा पाहिलं.

डबा टेबलावर तपासला. डब्याला जागा उपग्रहावरून कळते, आणि पत्र्याच्या छपराखाली उपग्रह सापडत नाही, त्यामुळे डब्याने जागेचे सगळे आकडे शून्य धाडले. शून्यं सरकली तरी शून्यंच राहतात. हिरवा दिवा लागला आणि सगळ्यांनी चहा मागवला.

पौर्णिमेनंतर तिसऱ्या आठवड्यात, हा नवा डबा बसवलेली कोळीवाड्यातल्या तुळशीदासची बोट किनाऱ्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर होती. बोटीवर तो, धाकटा भाऊ दत्तू आणि दोन खलाशी. सकाळी दहाच्या सुमाराला तळाची फळी उखडली आणि पाणी आत आलं. दत्तूने लाल बटण दाबलं.

मी तिथे होतो, आणि माझ्या जागी काही नव्हतं. शेवटचा आकडा किनाऱ्यापासूनच्या अंतराचा; कंपायलरने त्याच्याआधी एक घर रिकामं सोडलेलं होतं, आणि सोसायटीत ते रिकामं घरच अंतर म्हणून वाचलं गेलं, शून्य. सोसायटीच्या पडद्यावर ठिपका उमटला तो कोळीवाड्याच्या धक्क्याला लागून. तिथल्या क्लार्कने पाहिलं आणि म्हणाला, “तुळशीदास आला वाटतं. बटन चुकून दाबलं आसंल.”

दुपारी तुळशीदासची बायको शेवंता टोपली घेऊन धक्क्यावर गेली. बोट नव्हती. ती सोसायटीत आली, क्लार्कने ठिपका दाखवला, तशी पडद्याकडे हात करून म्हणाली, “हतं बोट हाय? मंग माज्या डोल्यांना का दिसत नाय?” तेव्हा कुठे तीन बोटी बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिंपांना धरून तरंगणारे तिघे सापडले. दत्तू सापडला नाही.

साहेब म्हणाले, वायरलेसचा दोष सांगू. बकुळाने दोन दिवस ओळ न् ओळ तपासली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. त्या संध्याकाळी कागद घेऊन घरी गेली आणि वडिलांसमोर बसून रडली. मलाही वाईट वाटलं. मी सात ठिकाणी उभा होतो आणि सातही ठिकाणी मुका होतो.

दौलतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्याला शब्द कळला नाय, तेव्हा त्यानं काय केलं?”

“ओरडला. मी त्याला गप्प केलं, बाबा.”

“साच्यावर धागा तुटला की साचा थांबवायचा, बकुळे. मुकादम बोंबलू दे. चालू ठेवला तरी कापड निघतं, आन् बघणाऱ्याला ते कापडच दिसतं.”

दुसऱ्या दिवशी बकुळाने माझी रिकामी ओळ भरली. नव्या कंपायलरचा खरा शब्द शोधून तिथे बसवला. आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: कंपायलर याहून निराळा असेल तर काम तिथल्या तिथे बंद, आणि पडद्यावर रोमन अक्षरांत निरोप, ‘धागा तुटला. साचा थांबवा.’

मग ती कोळीवाड्यात गेली. तुळशीदास दारात बसला होता. तिने कागद पुढे केला आणि “चूक माझी,” असं सरळ सांगितलं.

“हतं काय लिवलंय?” तो म्हणाला.

“काहीच नव्हतं, काका. तीच चूक.”

त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. “काय नव्हतं, म्हनून माजा भाव गेला?”

“हो.”

शेवंता आतून म्हणाली, “जा बाय तू आता.” बकुळा उठली. ती गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर तुळशीदासने हाक मारली. “त्याचं नाव लिव तितं. दत्तू.”

तिने लिहिलं. माझ्या डोक्यावर एक शेरा आहे: दत्तू, वरळी कोळीवाडा, आणि तारीख.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. दौलतराव गेले. बकुळा कंपनी सोडून गेली. गाळा पाडून तिथे काचेची इमारत उभी राहिली. डबे नवे आले, पण त्यांच्या पोटात कर्नेल तेच आहे आणि मीही आहे.

आज सकाळपासून रामदास नावाचा इंजिनियर माझ्यासमोर बसलाय. त्याने आणखी नवा कंपायलर आणलाय, आणि ‘धागा तुटला’ म्हणत माझ्या ओळीवर काम अडलंय. “काय रे हे, कोणी लिहून ठेवलंय?” तो शेजाऱ्याला म्हणाला. साहेब दोनदा येऊन गेले. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आहे. मला खोडायला एक बटण पुरे, आणि सगळ्या चुका पुन्हा एका झटक्यात जातील.

रामदास, मला खोड, माझं नाव बदल, माझी हरकत नाही. फक्त माझी जागा रिकामी ठेवू नकोस. आणि खोडण्याआधी माझ्या वरची ओळ वाच. कंपायलर ती वाचत नाही, सोडून पुढे जातो. ती माणसांसाठी लिहिलेली आहे.